काळ्या पाषाणातले दोन टक्के

पाटा-वरवंटा ज्या दगडाचा, जातं ज्या दगडाचं, त्या काळ्या पाषाणाचा एक घट्ट तुकडा घ्या आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी काढा, पुसा, घणाने फोडा. आत ठणठणीत कोरडा! म्हणून तर याच दगडाची मंदिरं बांधली गेली, गडांचे बुरूज उभे राहिले, अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली. पाण्याला दाद न देणारा दगड म्हणूनच त्याची ख्याती.

आता दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन याच दगडावर बसलेली आहे. आणि राज्यात जेवढी शेती ओलिताखाली आहे, तिच्यातली निम्म्याहून अधिक विहिरींवर आणि बोअरवर भिजते. गावोगावच्या हापशांना येणारं पाणीही तिथलंच. म्हणजे ज्या दगडात पाणी शिरत नाही, त्याच्याच पोटातलं पाणी आपण पितो आणि त्यावरच कांदा, द्राक्षं, डाळिंब पिकवतो. हे कसं काय?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. थोडं म्हणजे 6 कोटी 60 लाख वर्षं! तेव्हा डायनोसॉरचे शेवटचे दिवस चालले होते. भारत अजून आशियाला चिकटलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरातून तो एकटाच उत्तरेकडे सरकत होता. वाटेत तो पृथ्वीच्या पोटातल्या एका प्रचंड तप्त जागेवरून गेला. ती जागा अजून थंड झालेली नाही बरं का! मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं बेट आहे. तिथला ज्वालामुखी आजही अधूनमधून लाव्हा ओकत असतो. आपल्या सह्याद्रीचं माहेर ते.

त्या वेळी भारतावर जे झालं, ते चित्रातल्या शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीसारखं नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून 1,100 अंश सेल्सिअसहून तप्त लाव्हा पुरासारखा पसरत गेला. त्यातले काही लोट पार राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या काठापर्यंत पोहोचले, असं भूवैज्ञानिक मानतात. जवळपास हजार किलोमीटरचा प्रवास! एक लोट आला, थंड झाला. मध्ये कधी शेकडो, कधी हजारो वर्षांची उसंत. मग त्यावर दुसरा लोट. मग तिसरा.

असे किती थर साचले असतील? भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी कोयनेच्या परिसरात खोल भोकं पाडली, तेव्हा एका ठिकाणी 933 मीटर खाली गेल्यावर हा खडक संपला आणि ग्रॅनाइट लागला. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला असंच भोक घेतलं. तिथे लाव्ह्याची जाडी निघाली 338 मीटर. पश्चिमेकडे हा ढीग जाड आहे आणि पूर्वेकडे पातळ होत जातो. किल्लारीचा हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरी गंमत. लाव्ह्याचा एक थर घट्ट कसा होतो, ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. तव्यावर आंबोळी टाकली की काय होतं? पिठातले बुडबुडे वर वर येतात, वरच्या अंगाला सुरेख जाळी पडते आणि तव्याकडची बाजू मात्र गुळगुळीत, घट्ट राहते. लाव्ह्यातही वायू विरघळलेला असतो. लोट पसरून थांबला की ते बुडबुडे वर चढतात आणि वरचा भाग घट्ट होताना तिथेच अडकतात. म्हणून प्रत्येक थराचं माथ्याकडचं अंग जाळीदार आणि खालचं अंग भरीव. आता अशा डझनावारी आंबोळ्या एकावर एक रचा. झालं दख्खनचं पठार! तुम्ही बादलीत बुडवलेला पाट्याचा दगड तव्याकडच्या बाजूचा होता. पाणी राहतं जाळीच्या बाजूला.

पण थांबा, एवढं सोपं असतं तर महाराष्ट्राला पाण्याची ददात कशाला पडली असती? या जाळीतली सगळी भोकं रिकामी राहिलीच नाहीत. थर निवत असताना आणि त्यानंतरही खडकातून गरम पाणी फिरत राहिलं. त्यात विरघळलेली द्रव्यं भोकांच्या आत हळूहळू साचली आणि त्यांचे स्फटिक झाले. स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट, कितीतरी प्रकार. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत मिळालेले गडद निळ्या कॅव्हन्साइटचे झुबके तर जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे मांडलेले आहेत. विहीर खणताना निघालेल्या दगडावर पांढरे ठिपके दिसतात ना? ती बहुतेक हीच मंडळी. दिसायला देखणी, पण प्रत्येक स्फटिकाने पाण्याची एकेक खोली कायमची अडवून ठेवलेली.

मग पाण्याला उरलं काय? उरल्या त्या भेगा. तापलेला खडक निवताना आकसतो, आणि आकसला की तडकतो. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल पाहिलीत? साठेक मीटर उंचीचे ते खांब कुणी घडवलेले नाहीत. लाव्हा निवताना स्वतःच असा उभा तडकला. अशा उभ्या-आडव्या भेगा, थरांमधले सांधे, थोडीफार रिकामी राहिलेली जाळी आणि लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने सैल झालेला वरचा खडक. एवढीच काय ती पाण्याची जागा.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर मे महिन्यात एखाद्या जुन्या, पायऱ्यांच्या विहिरीत उतरा. वरचे चार-पाच फूट काळी माती. त्याखाली मुरूम. हा मूळचा खडकच, पण आता कुदळीने ढासळेल इतका भुसभुशीत. त्याच्याखाली मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा जाळीदार खडक. इथे हात लावला तर गार आणि ओलसर. त्याखाली काळा पाषाण. सुरुंगाशिवाय हलणार नाही असा. त्याच्यावर एखादी बारीक उभी चीर शोधा. तिच्या तोंडाशी शेवाळ असेल आणि पाण्याची एक ओली रेघ खाली उतरत असेल. तोच झरा. आणि अगदी खाली, नशीब असेल तर, विटकरी रंगाचा पट्टा दिसेल. तो गेरूचा थर. दोन लोटांच्या मधल्या उसंतीत खडकावर माती तयार झाली होती. पुढच्या लोटाने ती भाजून गाडून टाकली. ही माती चिकण, पाण्याला सहसा वाट न देणारी. त्यामुळे वरून आलेलं पाणी इथे अडतं आणि आडवं वाहायला लागतं.

पावसाळ्यानंतर एखाद्या घाटरस्त्याने जाताना कापलेल्या डोंगराकडे नीट पाहा. पाणी वाटेल तिथून झिरपत नाही. ठराविक उंचीवर, एका आडव्या रेषेत झिरपतं. ती रेषा म्हणजे दोन थरांचा सांधा. सह्याद्रीतले कितीतरी झरे अशाच सांध्यांवर फुटतात.

विहीर खोदणाऱ्यांना हे भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांआधी ठाऊक होतं. म्हणून तर विहिरीला पाणी कमी पडलं की ते तळाशी आणखी खोल जाण्याऐवजी कडेला आडवे बोअर मारतात. उभ्या चिरा आडव्या भोकाला भेटण्याची शक्यता जास्त, इतका साधा हिशोब!

आता प्रश्न असा की या सगळ्या फटींत मिळून पाणी मावतं किती? मनात अंदाज करा. वीस टक्के? दहा?

गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूमिश्रित गाळात शंभर घनमीटर जमिनीतून साधारण 16 घनमीटर पाणी उपसता येतं. आपल्या भेगाळलेल्या, जाळीदार खडकातून किती? दोन. फक्त दोन टक्के! आणि भरीव पाषाण असेल तर एक टक्क्याच्याही आत. देशभर भूजल मोजताना हेच आकडे वापरतात.

दोन टक्के म्हणजे काय, ते कळण्यासाठी एक आगगाडी आठवा. एप्रिल 2016. मांजरा धरण आटलेलं, लातूर तहानलेलं. मिरजेहून पाण्याने भरलेली गाडी लातूरला निघाली, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांनी ती दाखवली. पहिल्या गाडीला दहा डबे होते आणि त्यांत होतं सुमारे 5 लाख लिटर पाणी. पुढे पन्नास डब्यांच्या गाड्या आल्या, एका खेपेला 25 लाख लिटरच्या.

आता एक हेक्टर जमीन घ्या. तिच्याखालच्या खडकातली पाण्याची पातळी एक मीटरने उतरली, तर किती पाणी निघालं? दहा हजार चौरस मीटर गुणिले एक मीटर, त्याचे दोन टक्के. 200 घनमीटर. म्हणजेच 2 लाख लिटर. याचा अर्थ, लातूरला आलेली ती पहिली अख्खी गाडी म्हणजे अडीच हेक्टर रानाखालची पातळी एका मीटरने खाली जाणं! सहा-सव्वासहा एकर. एका बऱ्यापैकी शेतकऱ्याची एक मोटर हे काम गुपचूप करते आणि त्याची बातमी कुणीही देत नाही.

बरं, हे दोन टक्के भरतात तरी कसे?

पहिला पाऊस काळ्या मातीवर पडतो, तेव्हाचं दृश्य पाहण्यासारखं असतं. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. कारण तिच्यात पाणी प्यायलं की फुगणारं आणि वाळलं की आकसणारं चिकण खनिज असतं. त्याचे पापुद्रे इतके पातळ की अवघ्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे उलगडून पसरले, तर सहा-सात गुंठे जमीन झाकली जाईल! एवढ्या पृष्ठभागाला पाणी चिकटणार म्हटल्यावर माती ते सहजी सोडते थोडीच? सुरुवातीचं पाणी भेगांतून धाडकन खाली जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि जमीन जवळजवळ बंद होते. त्यानंतर पाणी मुंगीच्या पावलाने उतरतं.

किती हळू? हे मोजण्याची युक्ती भन्नाट आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या रानांत पावसाळ्यापूर्वी जमिनीखाली थोडंसं खुणेचं पाणी टोचलं. खूण कसली, तर ट्रिटियमची. ट्रिटियम हे हायड्रोजनचंच किरणोत्सारी भावंड. पाण्याच्या रेणूत बसून ते पाण्याबरोबरच फिरतं. पावसाळा सरल्यावर त्याच जागी माती काढून पाहायचं की खूण किती खाली सरकली. नवा पाऊस जुन्या ओलीला खाली ढकलत असतो. खूण जेवढी सरकली, तेवढं नवं पाणी मुरलं. आपण दहा हजार रुपयांचा फोन खिशात घेऊन उपग्रहाला रस्ता विचारतो, आणि पायाखाली दोन हात उतरणाऱ्या पाण्याचा माग काढायला अणूची खूण लागते!

अशा अभ्यासांतून आणि विहिरींच्या पातळ्यांवरून जे ठोकताळे बसवले गेले, ते सांगतात की आपल्या खडकात पावसाचा सात ते तेरा टक्के हिस्सा मुरतो. उरलेलं पाणी ओढ्या-नाल्यांनी जातं, माती धरून ठेवते, झाडं पितात, ऊन नेतं. म्हणजे 500 मिलिमीटर पाऊस झाला, तर अगदी चांगल्या जागी 65 मिलिमीटर पाणी खडकाला पोहोचलं. बोटाएवढं! पण आता दोन टक्क्यांची करामत पाहा. जागाच इतकी चिंचोळी की 65 मिलिमीटर पाणी आत शिरलं की पातळी वर चढते सव्वातीन मीटर. दहा-अकरा फूट! दसऱ्याला तुडुंब भरलेली विहीर पाहून आपल्याला वाटतं, वा, धो धो पाणी आहे. प्रत्यक्षात आपण बोटभर पाणी एका अरुंद फटीत उभं राहिलेलं पाहत असतो.

फसवणूक उलटही चालते. जी पातळी भराभर चढते, ती भराभर उतरते. आणि सगळा दोष मोटरीला देऊ नका. खडकातलं पाणी स्वस्थ बसतच नाही. उताराच्या दिशेने ते सरकत राहतं आणि शेवटी ओढ्यात पाझरतं. पाऊस सप्टेंबरात थांबतो, तरी ओढा डिसेंबरापर्यंत वाहतो, तो या पाझरामुळे. तुम्ही एक थेंब उपसला नाहीत, तरी तुमच्या रानाखालचं काही पाणी खालच्या गावाकडे चाललेलंच असतं. सातबारा तुमच्या नावावर असेल. पाण्याला तो वाचता येत नाही.

गंमत अशी की कायद्याला मात्र तो फार वाचता येतो. 1882च्या सुविधाधिकार कायद्याच्या काळापासून चालत आलेली समजूत ही की ज्याची जमीन, त्याचं खालचं पाणी. सरकत्या पाण्याला अचल मालमत्तेचा नियम!

विहीर आटली की माणूस काय करतो? बोअर मारतो. दोनशे फूट, चारशे फूट, मराठवाड्यात तर आठशे, हजार फूट. आता तो किल्लारीचा आकडा काढा. तिथे अख्खा लाव्ह्याचा ढीग 338 मीटर, म्हणजे साधारण अकराशे फूट. हजार फुटांचं बोअर म्हणजे डायनोसॉरच्या काळापासूनचे जवळपास सगळे थर आरपार! आणि खाली मिळतं काय? जितकं खोल जावं तितका वरच्या खडकाचा भार वाढतो, भेगा मिटत जातात आणि ऊन-पावसाने सैल झालेला भाग तर वरच राहून गेलेला असतो. खालच्या एखाद्या सांध्यात पाणी लागतंही, पण तिथे ते भरायला पाऊस सहजी पोहोचत नाही. त्याहून वाईट म्हणजे हे भोक वाटेतल्या सगळ्या थरांना एकमेकांशी जोडतं. वरच्या थरात गेरूने अडवून धरलेलं पाणी बोअरमधून खाली निसटतं. शेजारची साधी विहीर आटते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही की भोक आपण पाडलं. म्हणूनच महाराष्ट्राच्या 2009च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला वेगळं काढलं आणि अधिसूचित क्षेत्रात अशा खोल विहिरींना मनाई केली. त्याआधीच्या 1993च्या कायद्यानुसार पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी होतीच.

त्यात आता आभाळाची चाल बदलली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात एकूण पाऊस मात्र घटत गेला. म्हणजे पाऊस कमी, आणि जो येतो तो एकदम. काळी माती फुगून बंद व्हायला लागली की ताशी काही मिलिमीटरच पाणी आत घेते; वरून त्याच्या दसपट कोसळलं तर उरलेलं कुठे जाणार? ओढ्यात, नदीत, दुसऱ्याच्या गावात. तेवढाच पाऊस पंधरा दिवस रिमझिमत पडला असता, तर विहीर भरली असती. वार्षिक सरासरी गाठली, पण पाणी मुरलंच नाही, हा चमत्कार त्यामुळे घडतो.

यात एक दिलासाही दडलेला आहे, आणि तो मला सगळ्यात विलक्षण वाटतो. सहारा वाळवंटाखाली नुबियन वालुकाश्मात पाण्याचा अफाट साठा आहे. इजिप्त आणि लिबिया तो उपसतात. 2004 साली क्रिप्टॉनच्या एका दुर्मीळ समस्थानिकाने त्या पाण्याचं वय मोजलं, तर काही ठिकाणी ते दहा लाख वर्षांच्या घरात निघालं! ते पाणी उपसलं की गेलं. माणसाच्या आयुष्यात परत येणार नाही. आपलं तसं नाही. आपला खडक तोकडा आहे, पण विसराळूही आहे. गेल्या वर्षी तुम्ही तो कोरडा केलात, तरी एका चांगल्या पावसाळ्यात तो पुन्हा काठोकाठ भरू शकतो. मागच्या पापांची शिक्षा तो पुढे नेत नाही. मात्र मागचं पुण्यही नेत नाही! दोन वर्षांचा दुष्काळ पुरेल एवढी शिल्लक त्याच्याकडे कधीच नसते. दरवर्षी हिशोब नव्याने मांडायचा.

आणि हा हिशोब मांडणारी माणसं निघाली. 1972च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. तिथे त्यांनी जी पाणी पंचायत उभी केली, तिचे नियम आजही दचकायला लावतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. ज्याला जमीन नाही, त्यालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पुढचं पाऊल टाकलं. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने डोंगरावर चर खोदले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. हे बऱ्याच गावांनी केलं आहे. हिवरे बाजारचं वेगळेपण त्यानंतरचं. पावसाळा संपला की गाव पर्जन्यमापकाचा आकडा आणि विहिरींच्या पातळ्या घेऊन बसतं आणि पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं, मग जनावरं, मग उरेल त्यात पीक. पाऊस कमी, तर पीकही कमी पाण्याचं. शेतीसाठी बोअर नाही, उसासारखी फार पाणी पिणारी पिकं नाहीत. पाणी जिरवणं हे निम्मं काम. उपसा बांधून घेणं हे उरलेलं निम्मं आणि जास्त अवघड.

कारण नुसतं जिरवून भागत नाही. दोन टक्के एकदा भरले की खडक वरचं पाणी नाकारतो. मग बंधारा कितीही बांधा. आणि साठवायच्या नावाखाली आपण कधीकधी उलटीच तऱ्हा करतो. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं घ्या. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं तर उत्तमच. पण कितीतरी तळी विहिरीतलं पाणी उपसून भरली जातात. खडकात ऊन लागत नाही, तळ्यात लागतं. जानेवारी ते मे या काळात कोरड्या भागात उघड्या पाण्याचा मीटरभर थर सहज उडून जातो. तीस मीटर लांब-रुंद तळ्यातून आठ-नऊ लाख लिटर! लातूरच्या त्या पहिल्या गाडीपेक्षा जास्त पाणी हवेत, आणि तेही डिझेल-वीज जाळून आधी वर आणून.

आता एक गाव कल्पून शेवटचं गणित करू. शिवार 1,000 हेक्टर, वस्ती 2,000 माणसांची. ऑक्टोबरात विहिरींची पातळी मे महिन्यापेक्षा सरासरी चार मीटर वर आली. खडकात नवं पाणी किती आलं? 1,000 हेक्टर गुणिले 4 मीटर, त्याचे दोन टक्के. म्हणजे 80 हेक्टर-मीटर. लिटरमध्ये 80 कोटी.

माणसांना किती लागेल? जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज 55 लिटर. वर्षाचे झाले 4 कोटी. हजार जनावरांना रोज पन्नास लिटर धरलं तर आणखी पावणेदोन कोटी. अख्ख्या गावाची आणि गोठ्यांची वर्षाची तहान मिळून सहा कोटींच्या आत! ऐंशीपैकी सहा. राहिले 74 कोटी. त्यातलं काही ओढ्याला जाईल. क्षणभर ते सगळंच आपलं धरू.

ऊस लावला तर? उसाला वर्षाला दोनेक मीटर पाणी लागतं. पावसाने दिलेलं वजा केलं तरी दीड मीटर राहिलं. हेक्टरी दीड कोटी लिटर. पन्नासएक हेक्टर ऊस हे सगळं पाणी पिऊन टाकेल. हजारातले पन्नास! आणि ज्वारी? मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी पावसाळा संपल्यावर पेरतात आणि ती मातीत राहिलेल्या ओलीवरच बरीचशी तरून जाते. मघाशी ज्या चिकण मातीला आपण पाणी न सोडल्याबद्दल नावं ठेवली, तीच इथे पीक पोसते. अशा पिकाला ऐन वेळी सात सेंटिमीटरचं एक पाणी द्यायचं, तर तेच 74 कोटी लिटर हजार हेक्टरांना पुरतात. अख्खं शिवार! तेच पाणी, तोच खडक, तोच पाऊस.

म्हणजे पाहा, अशा गावाला ऑक्टोबरात पिण्यासाठी लागतं त्याच्या तेरापट पाणी खडकात असतं, आणि तरी मे महिन्यात टँकर येऊ शकतो. आभाळाने हात आखडता घेतला, हे खरंच. पण मधल्या सात महिन्यांत पाणी कुठे गेलं, ते आभाळाला विचारून कळणार नाही.

ते कळायला ट्रिटियम लागत नाही की आगगाडी. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींवर जे करते, तेच कुणालाही करता येतं. एक दोरी, टोकाला दगड, मीटरच्या गाठी. मे महिन्यात एकदा मोजा, ऑक्टोबरात एकदा. फरकाला शिवाराच्या क्षेत्राने गुणा आणि दोन टक्के काढा. येणारा आकडा चावडीवरच्या फळ्यावर लिहा आणि त्याच्याखाली, पेरणीच्या आधी, कोण किती घेणार ते. भांडणं होतील. होऊ द्या. पाणी शिल्लक असताना झालेलं भांडण मिटवता तरी येतं.